नळीचं दुसरं टोक

त्या घरात गोल वस्तू जागेवर राहत नसे. दोऱ्याचं रीळ हातातून सुटलं की शिलाई मशीनखालून निघे, खाटेच्या पायाला वळसा घाली आणि मागच्या भिंतीला जाऊन टेके. कांद्याचं तेच, औषधाच्या बाटलीच्या झाकणाचं तेच. मागच्या भिंतीत पूर्वी दार होतं. आता तिथे विटा रचून वरून गिलावा केलेला होता. उंबरा मात्र तसाच राहिला होता, आणि घरंगळणारं सगळं त्या उंबऱ्याशी येऊन थांबे. रोज सकाळी केर काढताना वहिनी तिथे वाकायच्या आणि एकेक वस्तू उचलून जागच्या जागी ठेवायच्या. वीस वर्षं हेच चाललं होतं. एवढ्या वर्षांत एकदाही त्यांनी तिथली वस्तू केरसुणीने लोटली नाही.

विटांच्या पलीकडे एकेकाळी धाकटीची खोली होती. धाकटी म्हणजे वहिनींची नणंद. 'वहिनी' ही हाक तिचीच. फाटकातून शिरली की अशी खणखणीत ओरडायची की गल्लीने तेच नाव उचललं. आता भाजीवालाही वहिनी म्हणतो, वयाने मोठी माणसंसुद्धा वहिनी म्हणतात. जिला तसं म्हणायचा हक्क होता ती तेवढी नाही. वीस वर्षांपूर्वी सलग पाऊस लागला होता. धाकटी तापाने फणफणून त्या खोलीत पडली होती. भर दुपारी मागची भिंत बसली ती थेट तिच्या अंगावर. सतराव्या वर्षी गेली पोर.

राडारोडा उपसला, दार बुजवलं, आणि घरातली माणसं पुढच्या दोन खोल्यांत राहू लागली. वहिनींचा नवरा टेलर होता. चार वर्षांपूर्वी तोही गेला. आता घरात तिघंच उरली होती. वहिनी नवऱ्याचं मशीन चालवायच्या. मुलगा वायरमन होता. सासूबाई खाटेवर असायच्या, पाय गेलेले, जीभ मात्र अजून धारदार.

यंदा उन्हाळ्यात त्या बुजवलेल्या दाराशेजारी तडा गेला. आधी केसाएवढा होता, मग करंगळी आत जाईल एवढा झाला. मुलाने टॉर्च लावून आत बघितलं आणि म्हणाला, "आई, आता हे घर आपल्याला सांभाळत नाही, आपणच त्याला सांभाळतोय. घरामागची माती काढायची, उतार बाहेर वळवायचा, पाणी रस्त्याच्या गटारात सोडायचं. पावसाच्या आत. नाहीतर ही भिंतही जाणार."

"ही भिंत गेली तर माझ्यावरच येऊ दे," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "पोरीकडे जाईन एकदाची."

"आजी, तुझ्यासाठी भिंत कशाला पाडायची? तू नुसती बोललीस तरी पडेल," मुलगा म्हणाला, आणि सासूबाई हसल्या. त्या घरात हसणं असं कधीतरी फुटायचं आणि लगेच विरायचं.

मग सुरू झाला ठेकेदाराचा शोध. ज्याने कधी घराचं काम काढलंय त्यालाच ठाऊक, की माणसाला एक वेळ जावई चांगला मिळेल, पण माती काढणारा मिळायचा नाही. पहिला आला तो रणगाड्याएवढं मशीन घेऊन. गल्ली सात फुटांची, मशीन नऊ फुटांचं. घुसवायला गेला आणि शेजाऱ्यांचा पावसाचा पाईप उपटून उलट्या पावली परत गेला. दुसरा कायम फोन कानाला लावलेला. "उद्या येतो" म्हणाला आणि दोन आठवडे रोज तेवढंच म्हणत राहिला. मुलाने त्याचं नाव 'उद्यासाहेब' पाडलं. आकाशात दुपारचे ढग साठायला लागले, उकाडा वाढला आणि तड्यात आता अख्खं बोट जाऊ लागलं.

तिसरी आली ती एक बाई. तिशीतली, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कानावर पेन्सिल. तिच्याकडे छोटं मशीन होतं, गल्लीतून आरामात येणारं. घराकडे तिने पाहिलंच नाही. आधी एक डोळा मिटून जमीन न्याहाळली. मग आत आली, शिलाई मशीनवरचं रीळ उचललं आणि फरशीवर सोडून दिलं. रीळ घरंगळत उंबऱ्याशी गेलं. ती बघत राहिली.

"चार बोटं तरी," ती स्वतःशीच म्हणाली. मग वहिनींकडे वळून, "पाणी येतं कुठून ते राहू द्या. जातं कुठे ते सांगा."

"जातच नाही," वहिनी म्हणाल्या. "मागे साचतं."

"जाणार कसं? सगळा उतार घराकडे आहे."

इतका वेळ सासूबाई खाटेवरून तिला निरखत होत्या. "कुणाची गं तू?"

बाईने पेन्सिल कानामागून काढली, परत खोचली. "सूतभरची मुलगी," ती म्हणाली.

मशीनवर बसलेल्या वहिनींचा पाय पायट्यावरच थबकला. खरं तर त्यांनी तिला फाटकातच ओळखलं होतं. एक डोळा मिटून जमीन बघायची ती लकब अख्ख्या गावात एकाच माणसाची होती.

सूतभर म्हणजे पूर्वीचा नावाजलेला गवंडी आणि खोदाईचा ठेकेदार. हे घर त्यानेच बांधलं होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढीही चूक त्याला खपायची नाही. "सूतभर चुकलंय" म्हणत उभी केलेली भिंत स्वतःच्या हाताने उतरवायचा. भिंत पडून धाकटी गेल्यावर लोकांनी त्याचं नाव 'हातभर' करून टाकलं. रस्त्याने निघाला की कुणीतरी दोन्ही हात फाकवून दाखवायचं. कामं बंद झाली. मग दुसऱ्यांच्या बांधकामावर डोक्यावरून विटा वाहायला लागला. जे गवंडी त्याच्या हाताखाली शिकले, त्यांच्याच हाताखाली.

"चालती हो," सासूबाईंचा आवाज चिरकला. "माझी पोर गिळली तुझ्या बापाने! आणि तू त्याच दारात उभी राहतेस? लाज नाही?"

बाई ओरडली नाही की रडली नाही. "आजी, बाबाही तेच म्हणतात. चूक माझीच, म्हणतात. पण नेमकं कुठे चुकलं ते त्यांना अजून सापडलेलं नाही. जेवता जेवता ताटाशेजारी बोटाने रेघा ओढत बसतात. लेव्हलची नळी म्हणून त्यांनी परत हातात धरली नाही. माझा डोळा गेला, म्हणतात." ती थांबली. "मला हे काम हवं ते कामासाठी नाही. मला ते मागचं उकरून बघायचंय. एकदा कळू दे त्यांना काय चुकलं ते. मग सुखाने मरतील तरी."

मुलगा म्हणाला, "ताई, निघा तुम्ही." ती निघून गेली. रीळ उंबऱ्याशी तसंच पडलं होतं. वहिनी उठल्या, वाकल्या, ते उचललं. उजव्या हाताचा अंगठा पांढराफटक पडला होता. रीळ त्यांनी किती घट्ट धरलंय ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

काय चुकलं होतं ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस हातात रीळ घेऊन त्या घरात उभं होतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी वहिनी लग्न होऊन या घरात आल्या, तो उन्हाळा पाण्याच्या टंचाईचा होता. टँकर आठवड्यातून एकदाच यायचा. सासूबाई पाणी मापून द्यायच्या. नव्या सुनेच्या हातून एकदा तांब्या लवंडला तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या. आणि त्याच उन्हाळ्यात घराचं काम निघालं. जागा टेकडीला टेकलेली. माती कापायची, सपाट करायची, मग जोतं बांधायचं. त्यासाठी आधी लेव्हल हवी. लांबलचक पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. एक टोक सूतभरने फाटकाजवळच्या काळ्या खडकाशी धरलं. दुसरं टोक धरून मागे जायला माणूस हवा, आणि त्याचा मदतनीस त्या दिवशी आलाच नव्हता.

"सूनबाई, तुम्ही जाता?" तो म्हणाला. "सोपं आहे. चालताना टोकावर अंगठा दाबून धरा, म्हणजे पाणी सांडत नाही. तिथे कोपऱ्यात कुंपणाचा दगडी खांब आहे, त्याला नळी टेकवा. पाणी स्थिर झालं की मला सांगा, आणि पाणी दिसेल तिथे खूण करा."

खुणेसाठी नवऱ्याने त्याचा निळा खडू दिला, कापडावर रेघ मारायचा. नळी घेऊन वहिनी निघाल्या तोच सासूबाई दारातून म्हणाल्या, "तासभर रांगेत उभी राहून आणलंय ते पाणी. थेंब सांडलास तर याद राख."

वहिनींनी अंगठा दाबून धरला. खांबापाशी पोचल्या, नळी टेकवली. मधे जुनी शेड होती, म्हणून सूतभर दिसत नव्हता, नुसता आवाज यायचा. "झालं का स्थिर?"

पाणी जराही हलत नव्हतं. हलेल कसं? अंगठा तसाच दाबलेला होता. आता तो काढायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला रोजचं ठाऊक असतं तो असलं कधी सांगतो? त्याला वाटलं असेल, हे कुणालाही कळेल. वहिनींना कळलं ते एवढंच, की थेंब सांडायचा नाही.

"झालं!" त्यांनी ओरडून सांगितलं आणि निळी रेघ मारली. त्या रेघेवर सूतभरने नंतर लाल रंगाचा पट्टा मारला. मारण्याआधी म्हणाला होता, "एकदा टोकं उलटी करून बघू." नवरा घाईत होता. माती काढणारं मशीन उभं होतं. "ती म्हणते ना झालं? मग झालं," तो म्हणाला. सूतभर क्षणभर घुटमळला, मग बरं म्हणाला. आयुष्यात ते एवढंच एक बरं त्याने घाईत म्हटलं असेल.

पुढे चार-पाच वर्षांनी शेजारच्या बांधकामावर वहिनींनी दोन गडी नळी धरून उभे पाहिले. एक जण ओरडला, "अंगठा काढ, लेका!" दुसऱ्याने अंगठा काढला, तसं पाणी नळीत वर-खाली झालं, मग हळूहळू थांबलं. घरी येऊन त्यांनी रीळ जमिनीवर ठेवलं. रीळ घरंगळत मागे गेलं. खूण खाली लागली होती, म्हणून घराची मागची बाजू खाली गेली होती आणि पाणी तिथेच साचत होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा धाकटी होती. मागच्या खोलीत आरशासमोर वेणी घालत होती. "काय झालं गं वहिनी? भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?" असंही म्हणाली होती. वहिनी म्हणाल्या, काही नाही. मनात म्हणाल्या, एवढ्याशा उताराने काय होतंय. दोन वर्षांनी भिंत पडली.

एकदा गप्प बसलं की गप्प बसणं हेच माणसाचं घर होऊन बसतं. त्यातून बाहेर पडायचं कुठल्या दाराने?

बाई निघून गेली त्या रात्री मुलाने विचारलं, "आई, काय करू? तिला बोलावू? दुसरं कुणी मिळत नाही."

"नको," वहिनी म्हणाल्या. "दुसरं बघ. कुणीही बघ."

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी केर काढत उंबऱ्यापाशी आल्या तेव्हा तिथे एक बटण पडलं होतं. शिंपल्याचं, निळसर झाक असलेलं, दोन भोकांचं. अशी बटणं आता मिळतही नाहीत. धाकटीच्या फ्रॉकला तसली सहा होती. एक हरवलं म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं, मग टेलरने पाच ठेवून सहावं वेगळं लावून दिलं होतं. तेच हे. इतकी वर्षं कुठे अडकलं होतं कोण जाणे. मशीनच्या लाकडी पेटीखाली असेल, नाहीतर फरशीच्या फटीत. घर अजून थोडं कललं असेल आणि ते सुटलं असेल. वहिनींनी स्वतःला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तरी त्या तिथेच उंबऱ्याशी खाली बसल्या.

"काय सापडलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. आपण काय म्हणालो ते त्यांच्याच कानांवर आदळलं. तेच दोन शब्द. त्या उठल्या आणि बाहेर जाऊन मुलाला म्हणाल्या, "तिला बोलाव."

बाई दुसऱ्याच दिवशी आली. सासूबाईंची खाट घराच्या कडेच्या पडवीत हलवली. तिथून पुढे रस्ता दिसे, मागे अंगण. "माझं तोंड रस्त्याकडे करा," त्या म्हणाल्या. "त्या माणसाच्या पोरीला माझ्या घरात खणताना बघायचं नाही मला."

काम सुरू झालं. मशीन छोटं, पण जोर दांडगा. बाई स्वतः चालवायची. बादलीचे दात मातीत असे बसायचे की घरातली भांडी थरथरायची. आधी वरचा काळा चिखल निघाला, वर्षानुवर्षं पाणी साचून आंबलेला, कुजका वास येणारा. मग राडारोडा. विटांचे तुकडे, चुन्याचे ढलपे, गंजलेल्या सळया. बाईचे हात कोपरापर्यंत मातीने माखले. मुलगा पाट्या भरून बाहेर टाकत होता, त्याच्या तळव्यांना फोड आले. वहिनी चहा करून न्यायच्या, पण खड्ड्याकडे बघायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गिलाव्याचा एक मोठा तुकडा निघाला, फिका निळा. धाकटीच्या खोलीचा रंग. मुलाने तो पाटीत टाकला. वहिनींनी काही न बोलता पाटीतून काढून घेतला आणि स्वयंपाकघरात फडताळावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी बाईने मशीन बंद केलं आणि फावडं घेतलं. मागच्या कोपऱ्यात हलक्या हाताने उकरू लागली. अर्ध्या तासाने ओरडली, "सापडला!" कुंपणाचा दगडी खांब होता तो, कमरेपर्यंत मातीत गाडलेला. तिने ओल्या फडक्याने पुसला तसा लाल पट्टा दिसू लागला. मग ती फाटकाजवळच्या काळ्या खडकाकडे गेली, तिथली शेवाळ खरवडली. तिथेही लाल पट्टा. तिने पातळी दाखवणारं दिव्याचं यंत्र आणलं होतं. ते दोन्ही खुणा दिसतील असं कडेला उभं करून एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा बघायच्या आधी तिने फोन काढला.

"बाबा, इकडे या. नाही, आत्ताच्या आत्ता या."

सूतभर आला तेव्हा दुपार कलली होती. गुडघ्यात वाकलेला, मान पुढे आलेली. इतकी वर्षं ओझं वाहिलं की माणूस ओझं नसतानाही तसाच चालतो. तो फाटकाबाहेर उभा राहिला. आत येईना. पडवीतल्या खाटेवर सासूबाई भिंतीकडे तोंड फिरवून पडल्या होत्या. त्यांना दिसला नसेल, पण कळलं होतं. त्यांची पाठ ताठ झाली होती.

"आत या ना," वहिनी म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

तो कडेकडेने आत आला. मुलीने त्याला खडकावरची खूण दाखवली, मग मागे नेऊन खांबावरची. "खडकावरची बरोबर आहे, बाबा. यंत्राने बघितलं. इथली चार बोटं खाली आहे. खडकापाशी तुम्ही होतात. तुमची खूण चुकलेली नाही. मग इथे नळी कुणी धरली होती?"

हा प्रश्न सत्तावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. भिंत पडली तेव्हा सगळ्यांनी सूतभरचं नाव घेतलं आणि विषय तिथेच मिटला.

सूतभरने मान वर केली. एक क्षण त्याने वहिनींकडे पाहिलं. त्याला आठवत होतं. नीट आठवत होतं. मग नजर खाली घेऊन म्हणाला, "माझाच माणूस होता. मदतनीस."

"त्याचं नाव काय?"

"आता नाही तो. जाऊ दे. धरणाऱ्याचा दोष नसतो, बाई. विचारणाऱ्याचा असतो. मी जाऊन बघायला हवं होतं."

वहिनींच्या ध्यानात आलं. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस जाणून होता. लोक हात फाकवून दाखवत होते तेव्हाही याच्या तोंडातून "टेलरच्या बायकोने धरली होती" एवढं निघालं नाही. नुसतं एवढं सांगितलं असतं तरी निम्मं ओझं उतरलं असतं. आणि आत्ताही तो खोटं बोलत होता, त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच मुलासमोर.

"मी धरली होती," वहिनी म्हणाल्या.

मुलाच्या हातातली पाटी खाली आली.

"मदतनीस नव्हताच आलेला. नळी मी धरली होती. आणि अंगठा काढला नव्हता. टोकावरचा अंगठा. तुम्ही विचारलंत, स्थिर झालं का. मी म्हटलं, झालं. अंगठा दाबूनच." त्यांना थांबता येईना. "मला नंतर कळलं. भिंत पडायच्या दोन वर्षं आधी कळलं. धाकटी होती तेव्हा. मी नाही बोलले. तेव्हा नाही बोलले, ती गेली तेव्हा नाही बोलले, तुमची कामं गेली तेव्हाही नाही. मीच."

दूर कुठेतरी ढग गडगडला. बाई मातीच्या ढिगावर बसली. मुलगा आईकडे असा बघत होता जणू ही कुणी परकी बाई आत्ताच फाटकातून आली आहे.

"पूर्ण दाबून?" सूतभरने विचारलं.

"पूर्ण."

त्याने हवेत दोन बोटांनी नळी धरल्यासारखं केलं, वर अंगठा ठेवला. बराच वेळ त्या नसलेल्या नळीकडे बघत राहिला. "हवा कोंडली," तो हळूच म्हणाला. "मी काय काय नाही धरून बघितलं. नळीला पीळ पडला असेल. मधे बुडबुडा असेल. अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत, म्हणून पाणी फुगलं असेल. अंगठा नाही सुचला. कधीच नाही सुचला." आणि त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्यासारखा. "म्हणजे डोळा गेला नव्हता माझा. पोरी, ऐकलंस का? डोळा गेला नव्हता."

बाई ताडकन उठली. "आणि माझी आई? लोकांच्या तोंडाला तोंड देता देता संपली ती! तिला कोण सांगणार डोळा गेला नव्हता म्हणून?" तिने फावडं भिरकावलं. "मला नाही करायचं हे काम. पडू दे हे घर यांच्या डोक्यावर."

"पडलंय ते आधीच," पडवीतून आवाज आला.

सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मागच्या बाजूला. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, फक्त त्या उघड्या खड्ड्याकडे. "थेंब सांडलास तर याद राख," त्या म्हणाल्या. "असंच म्हणाले होते ना गं मी तुला?"

वहिनी भिरकावलेलं फावडं उचलायला वाकल्या.

"विचारतेय मी. म्हणाले होते ना?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

सासूबाईंनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिल्या. त्यांचा हात खाटेच्या कडेवर चाचपडत होता, कशाला तरी धरायला. मुलगा धावत गेला आणि त्याने तो हात हातात घेतला. "मी या माणसाला रोज शिव्या घातल्या रे," त्या त्याला म्हणाल्या, लहान मुलीसारख्या. "रोज."

वारा सुटला होता. खड्ड्याच्या कडेची माती सुटून खाली पडत होती. सूतभरने वर पाहिलं, मग कापलेल्या टेकडीकडे, मग तड्याकडे. "खड्डा असा उघडा टाकून चालणार नाही," तो म्हणाला. "दोन दिवसांत पाणी येईल. आज लेव्हल घेतली तर उद्या उतार निघेल."

"यंत्र आहे ना," मुलगी म्हणाली.

"यंत्र तुझं. गाडीत नळी असेल ना?"

नळी हा शब्द त्याच्या तोंडून तिने वीस वर्षांत ऐकला नव्हता. मग ती गेली, गाडीतून नळीचं वेटोळं आणलं, बादलीतून पाणी भरलं. बुडबुडे जाईपर्यंत बोटाने टिचक्या मारत राहिली. एक टोक तिने फाटकाजवळच्या खडकापाशी नेऊन बापाच्या हातात दिलं. त्याची पकड अजून बरोबर होती. दुसरं टोक धरून ती मागे जायला निघाली.

"तू नको," सूतभर म्हणाला. "वहिनी, तुम्ही धरा."

वहिनी जागच्या हलेनात. "माझ्याकडून नाही व्हायचं."

"तुम्हीच धरायचं आहे."

मुलीने तोंड दुसरीकडे करून नळीचं टोक पुढे केलं. वहिनींनी ते घेतलं, अंगठा दाबला आणि चालू लागल्या. मशीनच्या बाजूने, मातीच्या ढिगाला वळसा घालून, खड्ड्याच्या काठाकाठाने, जिथे धाकटीची खाट असायची तिथून. खांबापाशी पोचल्या. लाल पट्टा समोर होता. त्यांनी नळी दगडाला टेकवली. घर मधे आलं होतं, त्यामुळे सूतभर दिसत नव्हता. नुसता आवाज आला, म्हातारा झालेला, पण तोच.

"वहिनी, अंगठा काढा."

बोटं उघडायला वेळ लागला. अंगठा सुटला तसं पाणी उसळून वर आलं. थोडं सांडलं, मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं. गार होतं. मग ते नळीत खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं. लाल पट्ट्याच्या चार बोटं वर, तिथेच ते खाली-वर होत राहिलं. वहिनींच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात नळीला होते.

"झालं का स्थिर?"

वहिनी पाण्याकडे बघत राहिल्या.

"नाही," त्या ओरडून म्हणाल्या. "अजून हलतंय."

"हलू दे," पलीकडून आवाज आला. "सावकाश बघा. मी थांबतो."